घोडी डन म्हणून घेतली, आता डॉक्टर म्हणतात बकस्किन

प्रश्न थोडक्यात असा. संगमनेर भागातल्या एका वाचकांनी डिसेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत एका व्यापाऱ्याकडून 4 वर्षांची काठेवाडी घोडी घेतली. सौदा 3 लाख 40 हजारांना ठरला, 3 लाख दिले, 40 हजार बाकी. चिठ्ठीवर लिहिलंय "काठेवाडी घोडी, रंग डन" आणि व्हॉट्सअॅपवर व्यापाऱ्याचा मेसेज आहे, "असली डन आहे, पाठीवरचा पट्टा बघा, हिची सगळी शिंगरं डनच होणार". आता एप्रिलमध्ये हिवाळ्याचे केस गळले तसा पट्टा फिका पडला, डॉक्टर म्हणाले ही डन नाही, बकस्किन आहे. व्यापारी म्हणतो घोडी तुमच्या डोळ्यासमोर होती, बघून घेतलीत. वाचकांना पैसे परत हवेत आणि पोलिसात चारसोवीसची तक्रार करायचीय.

दादा, आधी पोलिसांचं सांगतो. आज जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात (आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आलाय) सौद्याच्या वेळीच समोरच्याच्या मनात खोट होती हे दाखवावं लागतं, आणि इथे त्या व्यापाऱ्याला स्वतःलाच डन आणि बकस्किनमधला फरक कळत नसण्याची शक्यता भरपूर आहे. दिवाणी भांडणाला फौजदारी रंग दिला की कोर्ट वैतागतं. एक अपवाद, तो खाली सांगतो.

मुळात घोडी कुठल्या रंगाची आहे हेच अजून ठरलेलं नाहीये. मी काही घोड्यांचा डॉक्टर नाही, पण असली एक केस चालवताना बरंच शिकावं लागलं म्हणून लिहितो. बकस्किन म्हणजे कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट) घोड्यात क्रीम जीनची एक प्रत आली की होणारा रंग, अंग सोनेरी पिवळं, आयाळ-शेपूट-पाय काळे. डन हा वेगळाच जीन, टीबीएक्स 3 नावाचा, तो 2016 साली शोधून काढला. डनमध्ये अंगाचा रंग उतरतो पण पाठीचा पट्टा, तोंड आणि पाय गडद राहतात. कुमैतवर डन आला तर तोही पिवळसर आणि काळ्या पायांचा दिसतो, म्हणून तर लांबून बकस्किन आणि हा डन यात भल्याभल्यांची गडबड होते. लालवर आला तर पट्टा काळा नसतो, लालच असतो, आणि काळ्यावर आला तर घोडा उंदरासारखा राखाडी दिसतो. खऱ्या डनचा पट्टा मानेच्या बुडापासून शेपटीत जाईपर्यंत कडा धरून काढल्यासारखा असतो, गुडघ्यांजवळ झेब्र्यासारख्या आडव्या रेघा असतात, खांद्यावर कधी गडद छटा असते. काठेवाडीत डन सापडतो, त्यामुळे व्यापारी अगदीच हवेत बोललाय असंही नाही. आपल्याकडे जुन्या घोडेवाल्यांच्या भाषेत पाठीच्या कण्यावर काळी धार असलेल्या घोड्याला कुल्ला म्हणत, म्हणजे पट्टा बघून रंग ठरवायची सवय जुनी आहे.

पण पट्टा म्हणजे डन असं गणित नाही. डन नसलेल्या घोड्यांच्याही पाठीवर गडद सावलीसारखा पट्टा येतो, तो पुसट असतो, ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो आणि शिंगरांमध्ये तर पुष्कळदा पहिले केस गळले की गायबच होतो. शिवाय या जीनची एक आवृत्ती अशी आहे की पट्टा येतो पण रंग उतरत नाही, तो डन नव्हे. आणि गंमत म्हणजे क्रीम आणि डन दोन्ही एकाच घोड्यात असू शकतात, तसं असेल तर तुमचे डॉक्टरही बरोबर आणि व्यापारीही बरोबर, आणि तुमची नोटीस गेली बाराच्या भावात. म्हणून डॉक्टरांनी बघून दिलेल्या मतावर केस उभी करू नका, डीएनए टेस्ट करा. मुळासकट उपटलेले आयाळीचे किंवा शेपटीचे वीसतीस केस लागतात, कापलेले चालत नाहीत. कॅलिफोर्नियातली यूसी डेव्हिसची लॅब डनची टेस्ट करते, इथे कोण करतं ते डॉक्टरांना विचारा. केस काढताना व्यापाऱ्याला आधी लेखी कळवून बोलवा, तो नाही आला तर दोन पंच, डॉक्टर आणि व्हिडिओ. हे न करता परस्पर पाठवलेले केस याच घोडीचे कशावरून, हा त्याच्या वकिलाचा पहिला प्रश्न असेल, मी त्या बाजूला असतो तर मीही तोच विचारला असता.

आता "तुमच्या डोळ्यासमोर होती" याबद्दल. 1930 च्या मालविक्री कायद्यात घोडा हाही मालच, आणि कलम 15 सांगतं की वर्णन करून माल विकला तर तो वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. तुम्ही माल बघितला म्हणून हे आपोआप संपत नाही, कारण साध्या डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीसाठी तुम्ही त्याच्या शब्दावरच विसंबलात आणि चिठ्ठीवर डन हा शब्द त्याच्याच हातचा आहे. ही चिठ्ठी नसती तर मी तुम्हाला हात जोडून घरी बसा म्हणालो असतो. 1872 च्या करार कायद्यात कलम 17 च्या उदाहरणांत पहिलंच उदाहरण घोड्याचं आहे, लिलावात घोडा विकणाऱ्याला तो धड नाही हे माहीत आहे पण तो गप्प बसतो, तर ती लबाडी नाही. म्हणजे गप्प बसणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो, पण तुमचा व्यापारी गप्प कुठे बसलाय, त्याने तर लिहून दिलंय.

अडचण तुमच्या चार महिन्यांची आहे. वाजवी वेळात माल नाकारला नाही तर तो स्वीकारला असं मालविक्री कायद्याचं कलम 42 मानतं, आणि मग घोडी परत देऊन सगळे पैसे मागायचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाई उरते. जिवंत जनावरात वाजवी वेळ म्हणजे काही वर्ष नव्हे. म्हणून टेस्टची वाट न बघता आजच एक साधं पत्र स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवर पाठवा की रंगाबद्दल वाद आहे, तपासणी करतोय, घोडी वर्णनाप्रमाणे नसेल तर नाकारायचा हक्क राखून ठेवतोय. तोवर तिच्यावर घोडा चढवू नका, शोमध्ये नेऊ नका, विकायला काढू नका. तरीही खरं सांगतो, पूर्ण परतावा मिळेल असं मला वाटत नाही, डन आणि बिगरडन यांच्या किमतीतला फरक मिळेल. तो फरक सिद्ध करायला दोनतीन व्यापाऱ्यांचे लेखी भाव लागतील, कारण चाल, उंची, बांधा या गोष्टींवरच किंमत ठरली, रंगाचे वेगळे पैसे धरले नाहीत, असं तो म्हणणारच.

ते बाकीचे 40 हजार मात्र तुमच्या हातातला हुकमी एक्का आहे. मालविक्री कायद्याच्या कलम 59 प्रमाणे हमी मोडली तर किमतीतून वजावट मागता येते. पण गुपचूप दाबून ठेवू नका, का थांबवले ते त्याच पत्रात लिहा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, नंदुरबारला खेपा नकोत. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. ग्राहक कायद्यातल्या दोषाच्या व्याख्येत विक्रेत्याने जो दावा केला त्यात कमी पडणंही येतं. फक्त तुम्ही मला लिहिलंय की डन शिंगरं विकून पैसे निघाले असते, तसं असेल तर ती व्यापारी हेतूची खरेदी ठरू शकते आणि आयोग दारातूनच परत पाठवेल, मग दिवाणी कोर्ट, मुदत 3 वर्षं. खरा हेतू काय होता ते मला फोनवर सांगा, पण जो असेल तोच तक्रारीत लिहा, खोटं लिहू नका.

"सगळी शिंगरं डन" हा दावा वेगळा धरा. डन प्रभावी जीन आहे, पण घोडीत त्याची एकच प्रत असेल तर साधारण निम्म्याच शिंगरांत उतरतो, सगळी डन व्हायला दोन प्रती लागतात. म्हणजे घोडी डन निघाली तरी हे वाक्य खोटं ठरू शकतं, रिपोर्टमध्ये तेही बघा.

आणि तो अपवाद. यात्रेच्या आधीचे घोडीचे फोटो मिळवा. त्यात पट्टाच नसेल आणि यात्रेत ठळक असेल तर कोणीतरी डाय लावलाय, मग हे सगळं बदलतं, पोलीसही आणि परतावाही. तोवर तो मेसेज ज्या फोनवर आलाय तो फोन विकू नका, बदलू नका, रिसेट तर अजिबात करू नका, स्क्रीनशॉटला कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं आणि ते त्या फोनवरूनच द्यायचंय.