मुलाला शरीराची ओळख करून देताना

मुलाला शरीराच्या अवयवांची ओळख कधी आणि कशी करून द्यावी, असे आपण विचारले आहे. आपला मुलगा पाच वर्षांचा आहे, तेव्हा सुरुवात आताच करावी. साताऱ्यात दोन मुलांना वाढवताना माझी पहिली चूक झाली ती नावांची. घरात आम्ही ‘शूची जागा’ एवढेच म्हणत असू. पुढे शाहू स्टेडियमवर चेंडू लागून थोरल्याचे वृषण सुजले, तेव्हा तो लाजेने रात्रीपर्यंत ‘पोट दुखतंय’ असेच सांगत, उशी पोटाशी धरून पडून राहिला. सुदैवाने मुका मारच निघाला; परंतु वृषणाला पीळ पडला असता, तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागते, हे डॉक्टरांकडून ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. म्हणून शिश्न, वृषण हे शब्द कोपर, गुडघा यांच्याबरोबरच आंघोळीच्या वेळी सहज सांगावेत आणि तिथे दुखले, तर लगेच सांगायचे, हेही त्याच वेळी बजावावे. लहान वयात शिश्नाची पुढची त्वचा मागे न सरकणे स्वाभाविक असते. तेल लावून ती ओढण्याचा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह (आमच्याकडेही तो होता) नम्रपणे, पण ठामपणे नाकारावा. आवाज फुटणे, मिसरूड येणे हे विषय नवव्या वर्षाच्या आसपास काढले तरी चालतील.