राज्यशास्त्र सीमाभागात शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यम, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून. आता बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय. सर कन्नडमध्ये समजावतात, पुस्तक इंग्रजी आणि विचार मराठीत चालतो. अभ्यास कुठल्या भाषेत करू?
– विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : विषय मराठीत समजून घे, संज्ञा तिन्ही भाषांतल्या पाठ कर आणि पेपर एकाच भाषेत लिही. कोणत्या भाषेत लिहिण्याची मुभा आहे, हे पहिल्याच सेमिस्टरला परीक्षा विभागात विचार. मध्येच भाषा बदलली की आधीच्या नोट्स वाया जातात.

एका वहीत मराठी, कन्नड, इंग्रजी असे 3 रकाने पाड. विषयाचं नाव मराठी-कन्नडमध्ये एकच, राज्यशास्त्र. राष्ट्रपती, राज्यपाल, पक्ष, सार्वभौमत्व हेही जुळतं. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ यांना मात्र कन्नडमध्ये शासकांग, कार्यांग, न्यायांग म्हणतात. निवडणूक म्हणजे चुनावणे, सामाजिक करार म्हणजे सामाजिक ओप्पंद. हे नवे शब्द पाठ करून येतात. घोळ होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत. कन्नडमधला ‘शासक’ म्हणजे आमदार, राज्यकर्ता नव्हे. ‘संसद’ म्हणजे खासदार. आपल्या संसदेला तिकडं ‘संसत्तु’ म्हणतात. ‘विधी’ म्हणजे संविधानातला अनुच्छेद. हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिही.

मराठीतही एक खड्डा आहे. ‘राज्याचे घटक सांगा’ म्हटलं की बरीच मुलं कर्नाटक-महाराष्ट्राबद्दल लिहितात. इथं राज्य म्हणजे लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे चारही असलेली संस्था. कर्नाटकाकडं पहिले तीन आहेत, चौथा नाही, ते घटकराज्य. ‘राष्ट्र’ ही संज्ञा आणखी वेगळी.

संविधानाच्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी प्रती सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. रोज 1 अनुच्छेद तिन्हींत वाच आणि ‘करील’ (बंधन) कुठं आहे, ‘करू शकेल’ (मुभा) कुठं आहे, त्याखाली रेघ मार. अर्धं राज्यशास्त्र या दोन क्रियापदांत आहे.

प्रश्न : संघराज्यावरच्या उत्तरात सीमाप्रश्नाचं उदाहरण दिलं. गुण कमी पडले. हा विषय टाळावा का?
– विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : मुळीच टाळू नये. हा इथल्या घराघरातला विषय आहे, त्याची पोटतिडीक रास्त आहे आणि म्हणूनच तो नेमका लिहायला हवा. गुण बहुधा यामुळं जातात की प्रश्न अधिकारांची वाटणी विचारतो आणि उत्तरात अन्यायाची यादी येते.

तीन गोष्टी वेगळ्या ठेव. सीमा बदलण्याचा अधिकार कुणाचा? अनुच्छेद 3 प्रमाणे संसदेचा, साध्या बहुमतानं. विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि संबंधित विधानमंडळाचं मत मागवावं लागतं. ते मत संसदेवर बंधनकारक नाही. भारतीय संघराज्य केंद्राकडं झुकलेलं आहे याचा याहून थेट पुरावा क्वचितच मिळेल. राज्याराज्यांतला वाद कुठं जातो? अनुच्छेद 131 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात. महाराष्ट्रानं 2004 मध्ये दावा दाखल केला तो याच मार्गानं. या सीमावादासाठी केंद्रानं महाजन आयोग 1966 मध्ये नेमला, अहवाल 1967 मध्ये आला. कर्नाटकानं तो मानला, महाराष्ट्रानं नाकारला. आयोग शिफारस करतो, सीमा बदलत नाही, हे वाक्य विसरू नकोस.

तिसरी गोष्ट बहुतेक उत्तरांत येतच नाही : सीमा कुठंही असो, भाषिक अल्पसंख्याकांना आज कोणते हक्क आहेत? अनुच्छेद 29 आणि 30 (भाषा-संस्कृती जपण्याचा आणि शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क) सगळे लिहितात. अनुच्छेद 350 प्रमाणे तक्रार निवारणाचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. 350-क आणि 350-ख ही 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली. यातलं 350-क मातृभाषेतल्या शिक्षणाच्या सोयींबद्दल आहे, पण फक्त प्राथमिक टप्प्यापुरतं. त्यावरून मराठी कॉलेजचा हक्क सांगितलास तर उत्तर चुकतं.

प्रश्न : मुलाला राज्यशास्त्र घ्यायचंय. बेळगावात शिकावं की कोल्हापूरकडं? आणि पुढं काय?
– पालक, निपाणी

उत्तर : कर्नाटकात 2024-25 पासून पदवी पुन्हा 3 वर्षांची झाली. महाराष्ट्राच्या नव्या रचनेत 3 वर्षांनी पदवी घेता येते, चौथं वर्ष ऑनर्सचं. दोन्हीकडची विषयरचना वेगळी असल्यानं राणी चन्नम्मा विद्यापीठातून शिवाजी विद्यापीठात, किंवा उलट, मध्येच जाणं किचकट होतं. कुठं जायचं ते सुरुवातीलाच ठरवा.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.नंतर नेट ही देशपातळीवरची प्राध्यापक पात्रता परीक्षा द्यावी. सेट ही राज्यपातळीवरची परीक्षा त्या त्या राज्यापुरती चालते (महाराष्ट्राची गोव्यातही), नेट कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडं; निपाणीच्या मुलाला हा फरक मोठा आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी 250 गुणांचे 2 पेपर असतात. उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीतच छापलेली असते, त्यामुळं इंग्रजी संज्ञा यायलाच हव्यात. कर्नाटकाच्या राजपत्रित अधिकारी परीक्षेत कन्नडच्या पेपरात उत्तीर्ण व्हावंच लागतं. कन्नड आत्तापासून लिहायला लावा, बोलता येणं पुरत नाही. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांपैकी तुमचं गाव असेल, तर तिथल्या सरकारी भरतीसाठी या गावांत 15 वर्षं वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच त्याची कागदपत्रं जमवा.