अमेरिकेतून आणलेला प्रोपेनचा स्मोकर इथल्या सिलिंडरवर नीट चालत नाही, काय तपासावं?

तुम्ही खानापूरहून लिहिलंय की भाऊ अमेरिकेहून कायमचा परतताना घरसामानात उभा स्मोकर, म्हणजे गॅसच्या मंद आचेवर लाकडाच्या धुरात मांस शिजवायची पेटी, घेऊन आला. इथल्या घरगुती सिलिंडरला जोडला तर ज्योत पिवळी येते, तासाभरात मंदावते, आणि कोंबडी बाहेर काढावी तर काळी नि कडू. तीन तक्रारी आहेत, तिन्हींना एकच औषध शोधू नका.

स्मोकर थंड असताना दाराच्या आतल्या बाजूनं बोट फिरवा. बोटाला कोरडी, भुरभुरीत काजळी लागली तर दोष गॅसचा. मेणचट, तपकिरी किटण लागलं तर गॅस ठीक आहे, लाकूड नीट जळत नाहीये. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही निघेल, पण कुठलं जास्त ते बघा आणि तिथून सुरुवात करा.

माझं काम बेळगावच्या उद्यमबागेत भट्ट्यांचे बर्नर दुरुस्त करण्याचं, त्यामुळे मी आधी ज्योतीकडेच जाणार. तुमचा बर्नर शुद्ध प्रोपेनसाठी बनवलाय. आपला घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे 24 भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे 31. म्हणजे तिकडे बरोबर लावलेली हवा इथं अपुरी पडते, ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, जिथून जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्राचं पितळी तोंड) आत शिरतो तिथं, हवेची फिरती पट्टी असते. तिचा स्क्रू ढिला करून पट्टी थोडी थोडी उघडत जा. ज्योत निळी झाली आणि छिद्रांवर टेकून राहिली की थांबा. ज्योत फुरफुरत वर उचलली जाऊ लागली तर हवा जास्त झाली, थोडी मागे घ्या.

पट्टी उघडूनही काही फरक पडला नाही तर नळी काढून आत टॉर्च मारा. स्मोकर पावसाळाभर शेडमध्ये पडून असेल तर आत कोळ्याचं जाळं असणार, आणि आपल्याकडे त्याहून वाईट म्हणजे कुंभारीण माशी. तिला अशी बोटभर जाडीची नळी दिसली की मातीचं घर बांधलंच. बाटली धुवायच्या ब्रशनं नळी आरपार साफ करा. जेटमध्ये मात्र तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र जरा मोठं झालं की गॅस कायमचा जास्त येणार. जेट काढून फुंकर मारा, अगदीच अडकलं असेल तर तासून बारीक केलेली लाकडी काडी पुरते.

आता ज्योत मंदावण्याचं. अमेरिकेतला रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या तोंडाला बसत नाही, म्हणजे इथं कुणीतरी गॅसची नळी आणि रेग्युलेटर बदलून दिला असणार. काय लावलंय ते बघा. स्मोकरच्या पाटीवर 11 इंच पाण्याचा दाब लिहिला असेल तर तो सुमारे 27 मिलिबार होतो. आपला एजन्सीचा घरगुती रेग्युलेटर 30 च्या आसपास देतो, म्हणजे तो चालतो. पाटीवर दाब पीएसआयमध्ये (दाबाचं तिकडचं माप) एक किंवा त्याहून जास्त लिहिला असेल तर तो बर्नर जास्त दाबाचा, घरच्या रेग्युलेटरवर तो कायम अर्धमेलाच राहणार. उलट, कमी दाबाच्या बर्नरला लग्नाच्या आचाऱ्याकडचा भट्टीचा रेग्युलेटर लावणं हा सरळ धोका आहे. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळीच घ्या, तिच्यावरचं साल बघा, पाच वर्षांनी बदला.

दाब बरोबर असूनही तासाभरानं ज्योत उतरते तेव्हा सिलिंडरला हात लावून बघा. गॅस आत द्रवरूपात असतो, त्याची वाफ होताना तो सिलिंडर गार करतो. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतं, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला, त्यामुळे आधी प्रोपेन निघून जातं आणि तळाशी ब्युटेन उरतं. डिसेंबरातल्या पहाटे, सिलिंडर संपत आलेला, वर 5 किलोचा छोटा, तर दाब पडणारच. 14.2 किलोचा भरलेला लावा. सिलिंडर आडवा करणं, त्याखाली उकळतं पाणी ठेवणं हे प्रकार पंगतीत बघितले असतील, ते करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट नळीत येतो.

बोटाला किटण जास्त लागलं असेल तर पुढचं वाचा. खानापुरात जूननंतर धुरासाठीच्या लाकडाच्या ढलप्या हमखास सादळतात. सादळलेलं लाकूड आधी पाणी सोडतं, मग दाट पांढरा धूर देतं, आणि कोंबडी कडू होते ती त्या पांढऱ्या धुरानं. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल इतकाच हवा. ढलप्या भिजवून घाला असं तिकडच्या पाककृतींत असतं, त्याचा उपयोग नाही, नुसती वाफ होते. उलट ढलप्या आदल्या दिवशी कडक उन्हात वाळवा. बारीक ढलप्या ट्रेमध्ये भडाभडा पेटत असतील तर अंगठ्याएवढे तुकडे घ्या आणि ट्रेवर भोकं पाडलेला फॉइल घाला. लाकूड आंब्याचं, पेरूचं, जांभळाचं, चिकूचं घ्या. निलगिरी, सुरू, प्लाय, रंगवलेलं फर्निचर नको. कण्हेर विषारी, ती तर जवळही आणू नका. आणि तुमच्या पट्ट्यात काजूची टरफलं फुकट मिळतात म्हणून सांगतो, त्यातलं तेल कातडीला फोड आणतं, त्याचा धूर खाण्याला लावायचा नाही.

वरची झडप कधीच पूर्ण बंद करू नका. आतली उष्णता वाढेल म्हणून लोक ती बंद करतात, मग धूर आतच कोंडतो आणि किटण चढतं. तापमान 107 ते 121 अंश सेल्सिअसच्या मधे ठेवायचं, ते ज्योतीनं आणि पाण्याच्या ताटलीनं. ताटलीत गरम पाणी घाला आणि ती कोरडी पडू देऊ नका. कोरडी झाली की आच एकदम चढते आणि टपकलेली चरबी करपते. दारावरच्या काट्यावर विश्वास नको, उकळत्या पाण्यात धरून बघा, शंभरच्या दोन-तीन अंश खाली दाखवला तर बरोबर, आपण समुद्रसपाटीपासून तेवढे वर आहोत. कोंबडी आतून 74 अंशांना पोचली की काढा. पश्चिमेचा वारा ज्योत विझवत असेल तर आडोसा करा, पण पत्रा बर्नरच्या हवेच्या तोंडापासून लांब.

दरवेळी पेटवण्याआधी जोडांवर साबणाचं पाणी लावा. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून खड्ड्यात, तळघरात, बंद पडवीत स्मोकर नको, परड्यात उघड्यावर ठेवा. गळतीचा वास आला तर सिलिंडर बंद करून 1906 ला फोन करा. आत चरबीनं पेट घेतला तर दार उघडू नका, पाणी टाकू नका, गॅस बंद करून राहू द्या. आणि विक्रीसाठी करणार असाल तर घरगुती लाल सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्या.

पट्टी पूर्ण उघडूनही ज्योतीची टोकं पिवळी राहिली तर जेटच बदलावा लागेल, एक नंबर बारीक. जेटच्या डोक्यावर नंबर कोरलेला असतो. तो आणि पाटीवरचा दाब इथं लिहा, कुठला घ्यायचा ते सांगतो.