‘पुरावा आहे का?’ असं विचारणाऱ्या नव्या थेरपिस्टला

प्रिय,

सायकोडायनॅमिक थेरपीला, म्हणजे मनात नकळत चालणारे संघर्ष आणि जुन्या नात्यांचे ठसे बोलण्यातून उलगडणाऱ्या उपचाराला, शास्त्रीय पुरावा आहे का, असं तू विचारलंस. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम मिळतं. कुणी मानसशास्त्रज्ञ आयझेंकचा १९५२ चा विरोधातला लेख पुढे करतं, कुणी मानसशास्त्रज्ञ शेडलरचा २०१० चा बाजूचा. दोन्ही वाच, पण वादात फेकायला वापरू नकोस. न्यूरोसिसचे (चिंता, उदासी अशा त्रासांना तेव्हाचं नाव) सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण थेरपीविनाही सुधारतात, असं आयझेंक म्हणाला. पण त्याच्याकडे धड तुलना-गट नव्हता. शेडलरने दिलेला ०.९७ हा इफेक्ट साइज (दोन गटांतला फरक किती मोठा, हे सांगणारा आकडा) ज्या आढाव्यातला आहे, त्यात तुलना वेटिंग लिस्ट (उपचाराची नुसती वाट पाहणारे रुग्ण), जुजबी उपचार किंवा नेहमीचे उपचार यांच्याशी होती. प्रतिस्पर्धी असा असेल तर सीबीटीही (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) दणदणीत जिंकते.

म्हणून पेपर हातात आला की निष्कर्षाकडे शेवटी जा. आधी पाहा: तुलना कशाशी, सत्रं किती, मोजणी कधी आणि अभ्यास करणाऱ्यांचा कल कुणाकडे.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला कोपनहेगनचा बुलिमियावरचा (बकाबका खाऊन मग उलट्या काढण्याचा आजार) ट्रायल या नजरेने वाच. रुग्ण ७०. एका गटाला दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक थेरपी (सायकोडायनॅमिक परंपरेतलीच), दुसऱ्याला पाच महिन्यांत सीबीटीची २० सत्रं. पाच महिन्यांनी बकाबका खाणं आणि उलट्या काढणं पूर्ण थांबलेले रुग्ण सीबीटी गटात ४२ टक्के, दुसऱ्या गटात ६. दोन वर्षांनी ४४ आणि १५. मुख्य म्हणजे अभ्यास करणारे स्वतः मनोविश्लेषणाकडे झुकलेले होते. संशोधकाच्या आवडीच्या थेरपीकडे निकाल झुकण्याचा धोका नेहमीच असतो. इथे निकाल त्यांच्या आवडीच्या उलट गेला, म्हणून या आकड्यांना जास्त वजन. मनोविश्लेषणात्मक थेरपी हरण्याचं एक संभाव्य कारणही पेपरातच आहे. त्या थेरपीत थेरपिस्ट मार्गदर्शन करत नव्हता आणि खाण्या-उलट्यांच्या चक्राला थेट हात घालत नव्हता. रोज उलट्या काढणाऱ्या रुग्णाचं पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. त्याला दोन वर्षं ताटकळत ठेवता येत नाही. तुझ्याकडे बुलिमियाचा रुग्ण आला तर आधी सीबीटी, आणि सोबत रक्ततपासणीसाठी डॉक्टर.

आता लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकचा २०१५ चा अभ्यास. किमान दोन वर्षं नैराश्य आणि दोन उपचार वाया गेलेले, असे १२९ रुग्ण. एका गटाला १८ महिन्यांत मनोविश्लेषणात्मक थेरपीची ६० सत्रं, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. उपचार संपताना पूर्ण बरे झालेले ९.४ टक्के, नेहमीच्या उपचारांत ६.५, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण त्यानंतर दोन वर्षांनी अंशतः तरी सावरलेले थेरपी गटात ३० टक्के, नेहमीच्या उपचारांत ४.४. मोजणी उपचार संपताच थांबली असती तर थेरपी नापास ठरली असती. तरी उड्या मारू नकोस. समोरच्या गटाला तितक्याच तासांची दुसरी थेरपी मिळाली नव्हती. त्यामुळे फरक तंत्राने पडला की कुणीतरी दीड वर्षं नीट ऐकल्याने, हे या अभ्यासातून सुटत नाही.

ॲमस्टरडॅमच्या नैराश्यावरच्या २०१३ च्या ट्रायलवरून दोन्ही पक्ष ‘बरोबरी’ची भाषा करतात. रुग्ण ३४१, दोन्हीकडे १६ सत्रं. पूर्ण बरे झालेले सीबीटीत २४.३ टक्के, सायकोडायनॅमिकमध्ये २१. मला त्यात बरोबरीपेक्षा दुसरंच दिसतं: दोन्हीकडे तीन-चतुर्थांश रुग्ण पूर्ण बरे झालेच नाहीत.

फार मोठा आकडा दिसला की संशय घे. दीर्घकालीन थेरपीवरच्या २००८ च्या गाजलेल्या मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला हिशेब) १.८ इतका इफेक्ट साइज होता. गटांतला फरक थेट काढण्याऐवजी प्रत्येक गटाचे आधी-नंतरचे बदल घेऊन ते सहसंबंधातून फिरवले, आणि आकडा फुगला. त्याच लेखकांच्या २०११ च्या आढाव्यात फरक ०.४४ ते ०.६८ वर आला. वाईट नाही, पण जादूही नाही.

यातलं खोलीत काय न्यायचं? दीर्घ नैराश्य किंवा नात्यांत तेच तेच घडणं, अशा तक्रारींत सायकोडायनॅमिक काम सुचव. पण पर्याय कोणते आणि साधारण किती सत्रं, हे पहिल्याच भेटीत सांग. नैराश्य असेल तर पहिल्या सत्रात आणि नंतर दर चार सत्रांनी पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घे. बेरीज ० ते २७, आणि ५ गुणांची घट झाली तर खरा फरक पडला म्हणायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बेरजेकडे न बघता त्याच भेटीत त्याबद्दल बोल.

बारा सत्रांनंतरही गुण हलले नाहीत तर आपल्या परंपरेत एक सोपा शब्द तयार असतो: ‘रेझिस्टन्स’, म्हणजे रुग्णच नकळत बदलाला विरोध करतोय. तो सुपरव्हिजनमध्ये (अनुभवी थेरपिस्टसोबतच्या चर्चेत) घेऊन जा, पण आधी तीन गोष्टी तपासून जा: निदान बरोबर आहे का, थायरॉइड तपासलंय का, दारू किती चालू आहे.