डिस्ने वर्ल्ड तुमच्या हातात दिलं तर?

प्रश्न: ताई, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचा कारभार तुमच्याकडे आला तर आधी काय बदलाल?

उत्तर: सगळ्यात आधी येण्याजाण्याचं बघेन! १९७१ला सुरू झालेली ही जागा जवळपास १०० चौरस किलोमीटर, त्यात चार मोठे पार्क, आणि मोनोरेल जाते फक्त मॅजिक किंगडम आणि एपकॉटला. २०१९मध्ये स्कायलायनर म्हणजे रोपवे आला, त्याने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज जोडले, झकास काम झालं ते, पण ॲनिमल किंगडमला अजूनही बस नाहीतर गाडी, म्हणून तो रोपवे तिथवर न्यायलाच हवा. विजा कडकडल्या की रोपवे थांबवतात, त्यामुळे बस राहू देत.

दुसरं, एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, पूर्ण चक्कर साधारण दोन किलोमीटर, आणि मुलांकडे अमेरिकेत आलेले आपले आईबाबा जून-जुलैच्या त्या उन्हात चालून पार थकतात हो. मॅजिक किंगडममधली पीपलमूव्हर बघा, उंचावरून हळूहळू जाणारी छोटी गाडी, डब्यात मोटर नाही, रुळातल्या चुंबकांच्या जोरावर पुढे सरकते, वारा लागतो, निवांत बसता येतं. तशीच इथे तळ्याभोवती फिरवायची.

आणि त्या अकरात भारत नाही!! १९८८ला नॉर्वे आला त्यानंतर नवीन देशच नाही. मी तर दगडी चौकाचा वाडा बांधेन, ओसरीवर बसायला जागा, आत गरमागरम मिसळ आणि संध्याकाळी चौकात लावणी.