मलाय काम्पुंगचा वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

तुम्ही विचारलंय, जुनी मलाय घरं उचलून संग्रहालयाच्या आवारात नेली तर तो वारसा वाचला असं म्हणता येईल का? मी आर्किटेक्ट आहे, काही वर्षं क्वालालंपूरमध्ये काम केलंय. माझ्या मते घर वाचतं, काम्पुंग (म्हणजे गाव, वस्ती) वाचत नाही.

घर हलवता येतं हे खरं. लाकडी खांबांवर उभं, सांधे 'तंगम' पद्धतीचे, म्हणजे खाचेत खाच बसवलेले, खिळ्यांशिवाय. मलेशियाच्या उत्तरेकडच्या केडाह राज्यातलं एका पेंघुलूचं, म्हणजे तिकडच्या पाटलाचं, घर असंच सुटं करून क्वालालंपूरला आणून पुन्हा उभं केलंय. काम फार सुरेख आहे. पण त्याचं अंगण आलं नाही.

मलायमध्ये अंगणाला 'हलामान' म्हणतात. घरं एका रांगेत नसतात, मध्ये कुंपणं नसतात, त्यामुळे मागच्या घरालाही वारा मिळतो. माडांची सावली वरून पडते आणि बुंध्यांच्या मधून वारा खेळतो. जमिनीपासून उचललेल्या घराच्या खालूनही तो जातो आणि फळ्यांच्या फटींतून वर येतो. आता कुणी अंगणात काँक्रीट ओततं, कुणी खांबांमधली जागा विटांनी बंद करून भाड्याच्या खोल्या काढतं. मग घर तापतं, एसी लागतो, शेजारी भिंत घालतो. प्रत्येक जुनं घर जागच्या जागी उभं असतं, तरी काम्पुंग गेलेलं असतं.

मलाक्कात नदीकाठचं काम्पुंग मॉर्टन बघा. तिथे लोक अजून राहतात. मी सकाळी गेलो तेव्हा एक मकचिक (वयस्क बाईंना असंच हाक मारतात) हिरांच्या केरसुणीने अंगण झाडत होत्या, अगदी माझी आजी गुहागरला खळं झाडायची तशाच, वाकून, मागे मागे सरकत. रंगीत फरशांच्या जिन्याखाली पाण्याचा रांजण होता. मी पाय धुतले, मग वर गेलो.

खरी अडचण जमिनीची आहे. क्वालालंपूरमध्ये पेट्रोनास टॉवर्सच्या अगदी जवळ असलेलं काम्पुंग बारू इंग्रजांनी 1900 च्या सुमारास मलाय लोकांच्या शेतीवस्तीसाठी राखून दिलं. तिथे तीन-चार पिढ्यांनंतर एकाच तुकड्यावर कितीतरी वारस लागलेत. (आपला 'वारसा' आणि मलाय 'वारिसान' दोन्ही एकाच अरबी मुळातून आलेत.) सगळ्यांची संमती मिळेपर्यंत छप्पर गळत राहतं, आणि चंगलसारखं टिकाऊ लाकूड आता परवडत नाही. अशा वेळी कुणी विकायला निघालं तर त्याला दोष देणं मला जमत नाही. मदत द्यायचीच तर छपराच्या दुरुस्तीला, सुताराच्या मजुरीला आणि वारसांच्या कागदपत्रांना द्यावी. नुसता 'वारसा वास्तू' असा फलक लावून त्या घरात कुणी राहणार नाही.

तुम्ही प्रबंधासाठी मोजमाप घेणार असाल तर घराच्या आधी अंगण मोजा. झाडं कुठे आहेत, पायवाट कुणाच्या दारावरून जाते, पावसाचं पाणी कुठे वळतं, हे नकाशावर घ्या. क्वालालंपूरला आलात तर काम्पुंग बारूत संध्याकाळी जा, तेव्हा लोक बाहेर बसलेले असतात आणि बोलतात.