भिंत छापणाऱ्या यंत्रालाही सिव्हिल इंजिनिअर लागतो

प्रश्न : मी बडोद्यात रावपुऱ्याला राहतो, लहान-मध्यम घरांची बांधकाम कंत्राटं घेतो. मुलगी यंदा बारावी सायन्स ए ग्रुपमधून (गणित घेऊन) पास झाली. काँक्रीट छापून घर बांधणाऱ्या यंत्राचे व्हिडिओ पाहून तिने सिव्हिलचाच हट्ट धरलाय. माझं म्हणणं, यंत्रच भिंती उभ्या करणार असेल तर सिव्हिलवाल्यांना काम काय राहणार? तिने कॉम्प्युटर घ्यावं. शिवाय मुलीला साइटवर पाठवायला मन धजत नाही. एका क्लासने ‘थ्रीडी प्रिंटिंग बांधकाम’ असा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्सही सुचवलाय, फी बरीच आहे. काय करावं?
– एक पालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

यंत्र एकच, पण तुमच्या मुलीला त्यात नोझलमधून, म्हणजे यंत्राच्या तोटीतून, निघणारी भिंत दिसली आणि तुम्हाला त्या भिंतीजवळ नसलेले कडिये (गवंडी) दिसले. आधी ते यंत्र नेमकं काय करतं आणि काय करत नाही ते सांगतो. प्रवेशाचा निर्णय त्यावरच ठरायला हवा.

आपल्या देशात हे काम आता प्रयोगशाळेबाहेर आलं आहे. मद्रास आयआयटीच्या आवारात ‘त्वस्त’ कंपनीने छापलेल्या ६०० चौरस फुटांच्या घराचं उद्घाटन एप्रिल २०२१ मध्ये झालं. बंगळूरच्या केंब्रिज लेआउटमधलं १,०२१ चौरस फुटांचं टपाल कार्यालय ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. लार्सन अँड टुब्रोने ते साधारण दीड महिन्यात उभं केलं आणि तांत्रिक मार्गदर्शन मद्रास आयआयटीचं होतं. तुम्हाला सगळ्यात जवळचं उदाहरण अहमदाबादच्या लष्करी छावणीतलं. तिथे एमईएसने, म्हणजे लष्कराची बांधकामं करणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसने, ‘मायकॉब’ कंपनीला बरोबर घेऊन तळमजला अधिक एक मजला असं ७१ चौरस मीटरचं घर १२ आठवड्यांत बांधलं; त्याचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं.

हे बारा आठवडे लक्षात ठेवा. बातम्यांत ‘एका दिवसात घर’ असं छापून येतं, तेव्हा मोजलेले तास बहुधा फक्त भिंती छापण्याचे असतात. पाया, वायरिंग, नळकाम, वॉटरप्रूफिंग, दारं-खिडक्या, लादी यांना लागायचा तो वेळ लागतोच, आणि स्लॅब तर बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या पद्धतीने किंवा प्रीकास्ट (आधीच ओतून तयार आणलेला) टाकतात. तुम्ही कंत्राटदार आहात. घराच्या एकूण बिलात नुसत्या भिंतींचं बिल किती असतं, हे माझ्यापेक्षा तुम्हाला नीट माहीत आहे. तुमचा धंदा या यंत्रामुळे उद्या बंद पडणार नाही.

यंत्राने खरी बचत होते ती शटरिंगची. काँक्रीटला आकार देण्यासाठी प्लाय लावा, टेकू द्या, मग ते सगळं काढा, हा खर्च आणि वेळ वाचतो. वळणदार भिंतही सरळ भिंतीइतक्याच सहज निघते. आणि माणसांची टंचाई तुम्ही दरवर्षी भोगता. होळीला दाहोदकडची मजूर मंडळी गावी गेली की बडोद्यातल्या किती साइट रिकाम्या पडतात! मोठ्या कंपन्या या यंत्राकडे वळतात त्यामागे हीच कारणं आहेत.

आता तुमच्या मुलीच्या कामाची गोष्ट. ती हे पत्र वाचणार असं धरून तिच्याशीच बोलतो.

तुला व्हिडिओत यंत्र दिसतं. त्यातला कठीण भाग पंपात आणि मिश्रणात आहे. चकलीचं पीठ सैल झालं तर काटे बसत नाहीत आणि घट्ट झालं तर सोऱ्यातून निघत नाही, तशीच इथली अडचण. मिश्रण पाइपमधून वाहायला हवं, पण नोझलमधून बाहेर पडताच त्याने स्वतःचा आकार धरायला हवा आणि थोड्याच वेळात वरच्या थराचं वजन पेलायला हवं. थर फार लवकर टाकले तर खालची भिंत बसते. उशीर झाला तर दोन थर एकमेकांना नीट धरत नाहीत आणि नेमकी तिथे भिंत कमकुवत राहते. हा वेळ उन्हावर, वाऱ्यावर, सिमेंटवर आणि ॲडमिक्श्चरवर (मिश्रणात घालायच्या रसायनांवर) ठरतो. बंगळूरच्या हवेत जमलेलं मिश्रण बडोद्याच्या मे महिन्यात तसंच्या तसं चालणार नाही. शटरिंग नसल्यामुळे ओली भिंत पहिल्या मिनिटापासून उघडी असते, पाणी उडून जातं आणि बारीक तडे जातात. हे गणित जमवणारा माणूस काँक्रीट शिकलेला लागतो, आणि ते शिक्षण सिव्हिलमध्येच मिळतं.

दुसरा प्रश्न सळईचा. काँक्रीट दाबाला चांगलं आणि ताणाला कच्चं, म्हणून आपण त्यात लोखंड घालतो. पण नोझल थरावर थर टाकत असताना त्या थरांतून उभी सळई न्यायची कशी? सध्याचा एक रूढ उपाय असा, की भिंतीचे दोन पातळ पदर छापायचे, मधल्या पोकळीत सळया उभ्या करायच्या आणि काँक्रीट ओतायचं. म्हणजे इथे माणसाचा हात आलाच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छपासून एवढ्या लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. तुझ्या आईबाबांना तो दिवस विसरता यायचा नाही. गुजरातमध्ये छापील घर बांधायचं तर ते हादऱ्यात कसं वागेल, याचं उत्तर कुणाला तरी सही करून द्यावं लागेल. ती सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची असेल.

तिसरी गोष्ट सिमेंटची. छापायच्या मिश्रणात मोठी खडी बहुधा घालता येत नाही, म्हणून सिमेंटचं प्रमाण वाढतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के मानतात. फ्लाय ॲश (कोळशाची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), भाजलेली माती वापरून तो कमी करायचं संशोधन जोरात चालू आहे. तुला केमिस्ट्री आवडत असेल तर मला हा भाग सर्वांत आशेचा वाटतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तुझे बाबा ऐकत असले तरी. निव्वळ काँक्रीट छापणाऱ्या कंपन्या भारतात आज मोजक्या आहेत. ‘मी छपाईतच नोकरी करणार’ असं ठरवून डिग्रीला गेलीस तर चौथ्या वर्षी निराश होशील. ‘मी काँक्रीट आणि स्ट्रक्चर पक्कं शिकणार, छपाई आली तर तिथे, नाही तर प्रीकास्ट, मेट्रो, पूल’ असं ठरवून गेलीस तर तुझ्यापुढे बरीच दारं आहेत. एमईएसचं नाव वर आलं. तिथले अधिकारी यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेतून जातात. त्या परीक्षेत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन या चारच शाखा आहेत, कॉम्प्युटरची वेगळी शाखा नाही.

आता पुन्हा तुमच्याशी बोलतो. कॉम्प्युटर सुचवताना पहिल्या पगाराची काळजी तुमच्या मनात असेल तर ती खरी आहे. सिव्हिलची सुरुवात कॉम्प्युटरपेक्षा बहुतेक कमी पगारावर होते आणि सुरुवातीची काही वर्षं कष्टाची असतात. तिला कोडिंगची मनापासून ओढ असती तर मीही कॉम्प्युटरच सांगितलं असतं. पण ओढ नसताना केवळ यंत्राच्या धास्तीने शाखा बदलू नका. प्रोग्रामिंग तिने शिकावंच, सिव्हिलमध्ये राहून. पायथन, आराखड्याचं थ्रीडी मॉडेलिंग, यंत्राला दिशा देणाऱ्या फाइल कशा बनतात, हे सुट्ट्यांत शिकता येतं. मिक्स डिझाइन (मिश्रणाचं प्रमाण ठरवणं) आणि आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) मात्र नीट शिक्षक आणि लॅब असल्याशिवाय येत नाही.

कॉलेज निवडताना म्हणूनच लॅब पाहा. एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी तुमच्या घरापासून जवळ आहे, आणि तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन ते हेच. कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी, हा त्यामागचा विचार होता आणि तुमच्या घराला तो चपखल बसतो. मार्क असतील तर विद्यानगरचं बीव्हीएमही यादीत घाला, आणि जेईई मेनचा रँक असेल तर सुरतचं एसव्हीएनआयटीही; त्याचा प्रवेश मात्र वेगळ्या, केंद्रीय प्रक्रियेतून होतो. एसीपीसीच्या, म्हणजे गुजरातच्या प्रवेश समितीच्या, चॉइस भरण्याआधी एकदा विभागात जाऊन विचारा, की क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) आणि बीमच्या (तुळयांच्या) चाचण्या विद्यार्थी स्वतः करतात की लांबून पाहतात.

साइटची भीती तुम्ही लिहिलीत हे बरं केलंत. बाईमाणसाला साइटवर काय सोसावं लागतं ते तुम्ही रोज पाहता. स्वच्छतागृह नसतं, येण्याजाण्याची सोय नसते, मुकादम ऐकत नाहीत. पहिली सुधारणा तुमच्या हातात आहे. तुमच्या साइटवर मजूर बायकांसाठी स्वच्छ, बंद दाराचं स्वच्छतागृह बांधा आणि कॉलेज सुरू होईपर्यंत मुलीला आठवड्यातून दोन दिवस बरोबर न्या. ओलं काँक्रीट किती सैल आहे ते तपासायचा स्लम्प कोन तिने स्वतः भरावा, क्यूब स्वतः ओतून त्यावर तारीख घालावी, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल वहीत लिहावेत. पंपाने काँक्रीट चढवणार असाल त्या दिवशी तिला सुट्टी देऊ नका. पाइप तुंबला की कामगार काय करतात, ते तिने जवळून पाहावं. पंपातला तो तुंबारा छपाईच्या यंत्रातही होतो. हे करूनही ती सिव्हिलच म्हणाली तर मग अडवू नका.

आता क्लासचा कोर्स. पैसे भरू नका. बारावीच्या मुलीला मिक्स डिझाइन, बीम, सळई यातलं काहीच आलेलं नाही. त्याआधी छपाई शिकवली तर तिला सॉफ्टवेअरची बटणं कळतील, काँक्रीट कळणार नाही. शिवाय क्लासकडे प्रत्यक्ष काँक्रीट छापणारं यंत्र आहे का, एवढं एकच विचारून पाहा. पडद्यावरची चित्रं दाखवून फी घेत असतील तर सरळ नकार द्या. डिग्रीच्या तिसऱ्या वर्षी अशा कंपन्यांकडे इंटर्नशिपसाठी तिनेच अर्ज करावा. क्लासच्या फीचे पैसे तोवर राखून ठेवा, इंटर्नशिपच्या गावी राहण्या-जेवणाला ते उपयोगी पडतील.